गाडीतलं भरतीचं घड्याळ

गाडीचा मागचा भाग खाली बसला तेव्हा मला वाटलं, टायर पंक्चर झाला. मग मागून विहीणबाई म्हणाल्या, "गो बाय, पाणी येतंय… माझी ओटी भिजली."

मी मान वळवली. मागच्या सीटवर त्यांच्या मांडीपर्यंत खाडीचं मातकट पाणी आलं होतं आणि त्यांनी ओटीचं ताट दोन्ही हातांनी वर धरलं होतं. आमच्या खालचा बांध खचत होता. स्टिअरिंगवर वैशाली होती, माझी सून. तिने ॲक्सिलेटर दाबला. पुढची चाकं चिखलात नुसती गरगरली आणि गाडी आणखी हातभर मागे घसरली.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. लख्ख ऊन होतं. समोर तो नवा स्टिरिओ, पाटीएवढ्या स्क्रीनचा, आणि त्याच्यावर मोठ्या पांढऱ्या आकड्यांत बारा. बरोबर बारा.

तो आकडा बघितला आणि मला कळलं, हे मला माहीत होतं. घरून निघतानाच माहीत होतं.

आता पहिल्यापासून सांगते. अंकाच्या या पानावर लोक चकवा, हडळ, पांढऱ्या साडीतली बाई असं काय काय लिहितात. मी ऐकते आणि जेवायला बसते. देवाला हात जोडते ते सवयीने. आमच्या घरात मेलेलं माणूस कधी परत आलेलं नाही. आलं असतं तर मी त्याला भात लावायला पाठवलं असतं. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला नटवून लिहिता येत नाही. जे झालं ते लिहिते.

पेणपासून खाडीकडे गेलं की आमचं गाव. नाव देत नाही, गावात माणसं राहतात. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मधे मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतो. बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती लागायच्या आत बंद करायची. माझे मालक आधी मिठागरावर होते, नंतर तीस वर्षं ती उघाडी त्यांच्याकडे होती. घड्याळ त्यांच्या कामाचं नव्हतं. खाडीचं पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं. अमावास्या-पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती, मग दर तिथीला पाऊण तास पुढे. बीजेला दीड, तिजेला सव्वादोन. आमच्याकडे लहान पोरालाही हे येतं. मलाही येतं.

म्हातारपणी मालकांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्यात कंपनीतूनच आलेला साधा काळा स्टिरिओ होता, हिरव्या आकड्यांचा. त्यांनी त्याच्यावर एक गाणं कधी लावलं नाही. पण त्याचं घड्याळ त्यांनी भरतीला लावलं. म्हणजे बारा वाजले की पूर्ण भरती, सहा वाजले की पूर्ण ओहोटी. रोज सकाळी चहा झाला की गाडीत जाऊन बसायचे, बटण दाबून घड्याळ पाऊण तास मागे घ्यायचे, उघाडीवर जाऊन पाणी बघायचे आणि पाच-दहा मिनिटांचा फरक असला तर तोही काढायचे. बांधावरून गाडी न्यायची की फिरून रस्त्याने, हे त्या घड्याळावर ठरायचं.

मला त्याचा राग यायचा. सकाळी माझ्याशी दोन शब्द नाहीत आणि त्या डब्याशी अर्धा तास. लोकांसमोर मी त्यांची टिंगल करायची. दिनेशचं, माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा वैशालीची आई रोह्याहून आली होती. त्या अष्टमी गावच्या, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या. भातशेतीतल्या बाई, मोकळ्या हसणाऱ्या. मालकांनी त्यांना पेणच्या स्टँडवरून गाडीत आणलं. अंगणात उतरल्या आणि म्हणाल्या, "व्याही, तुमच्या गाडीत अजून सकाळचे सातच वाजलेत की!"

मी म्हटलं, "त्यांचं डोकं पण तसंच मागं चालतंय."

सगळे हसले. मालकही हसले, मग उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. त्या दिवसापासून विहीणबाई आल्या की ही थट्टा ठरलेली, आणि प्रत्येक वेळी सुरुवात मी करायची.

गेल्या आषाढात मालक आजारी पडले. अंथरुणावरून उठवेना. पण सकाळ झाली की विचारायचे, "घड्याळ मागं घेतलंस काय गो?"

मी म्हणायची, "घेतलं."

मी घेतलं नव्हतं. एकदाही नाही. त्यांना औषध, धुणं, अंग पुसणं हे सगळं करून गाडीतला आकडा फिरवायला कोण जाणार? असं मी मनात म्हणायची. खरं तर काम दोन मिनिटांचं होतं. मला जायचंच नव्हतं. ते विचारायचे, "किती ठेवलंस?" मी तोंडाला येईल तो आकडा सांगायची. एक दिवस मी म्हटलं, "नऊ." ते माझ्याकडे बघत राहिले. अंथरुणावर पडूनही त्यांना पाणी कुठे आहे हे ठाऊक असायचं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर विचारलं नाही. श्रावणात गेले.

तेरावं झालं आणि मी दिनेशला सांगितलं, "गाडीतला तो डबा काढून टाक."

त्याला वाटलं, आईला बघवत नाही. मी तसंच वाटू दिलं. वैशाली नुकतीच गाडी शिकलेली, तिला मागचं दिसणारा कॅमेरा हवाच होता. दिनेशची कंपनीत फर्स्ट शिफ्ट, म्हणून पेणला वैशाली आणि मी गेलो. फिटरने मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्याने चपट्या पट्टीने स्टिरिओभोवतीचं कव्हर सोडवलं, चार स्क्रू काढले आणि डबा ओढला. मागे वायरींचा झुबका. दहा वर्षांची धूळ. गाडीत मोठं भोक पडलं. ते बघून मला बरं वाटलं, हेही लिहिते.

त्याने जुना स्टिरिओ पेपरात गुंडाळून माझ्यापुढे धरला. "आजी, कंपनीचा पीस हाय, जपून ठेवा. गाडी विकायला काढली की लोक पहिला हाच मागतात."

"तुलाच ठेव."

"अवो चालू हाय हा!"

"म्हणूनच म्हटलं, ठेव."

नवा स्टिरिओ बसला. स्क्रीन पेटली, गाणी लागली, मागचा रस्ता दिसायला लागला. वैशाली खूश. वेळ फिटरच्या मोबाईलशी जुळत होती. त्या दिवशी अमावास्या होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळ पाऊण तास मागे. दिनेशने नीट केलं. तिसऱ्या दिवशी दीड तास मागे. पुन्हा नीट केलं, संध्याकाळपर्यंत पुन्हा मागे. आठवड्याने वैशाली आणि मी परत पेणला. फिटरने स्टिरिओ बाहेर ओढून वायरी बघितल्या.

"ही पिवळी कायम करंटची, ही लाल चावीची. उलटसुलट लागल्या की घड्याळ विसरतं. पण इथं बरोबर हायेत," तो म्हणाला. "आणि विसरलं तर पहिल्यापासून सुरू होईल ना आजी. हे तर मोजून मागं चाललंय. सॅटेलाइटवरून टाइम घेतो हा… मागं जाईल कसा?"

वैशाली म्हणाली, "ते आम्ही तुम्हाला विचारायचं का तुम्ही आम्हाला?"

त्याने पीसच बदलून दिला. खोक्यातून नवा काढला, आमच्यासमोर सील फोडलं. बसवून चालू केला. सकाळचे अकरा वाजले होते. स्क्रीनवर पाच.

त्याने अकरा लावले. गावात पोचलो तेव्हा स्क्रीनवर पावणेसहा होते.

मी वैशालीला म्हटलं, जरा उघाडीवर थांबव, पाय मोकळे करते. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. मी उघाडीच्या कठड्याला धरून उभी राहिले. पाणी तळाला गेलं होतं, काळा चिखल उघडा, बगळे आत शिरलेले. बाराला पाच-सात मिनिटं असताना खालची धार थांबली. मी गाडीत येऊन बसले. स्क्रीनवर सहा.

मला भीती वाटली नाही. मला राग आला. मालक माझ्यासाठी परत येणाऱ्यातले नव्हते, जिवंत असताना मी बोलावलं तरी आले नसते. मग मशीनमध्येच काहीतरी असणार असं धरून मी तपासायला लागले. पुढच्या तीन आठवड्यांत सहा वेळा काही ना काही कारण काढून उघाडीवर गेले. सहाही वेळा बरोबर. तिथीच्या हिशेबाने नाही, खऱ्या पाण्याने बरोबर. वारा समुद्राकडचा असला आणि भरती दहा मिनिटं आधी आली, तर स्क्रीनवर बाराही दहा मिनिटं आधी.

मी हे कुणाला सांगितलं नाही. दिनेशला नाही, वैशालीला नाही. सांगायचं म्हणजे आधी हे सांगायला लागलं असतं की म्हातारा बरोबर होता आणि मी वीस माणसांत त्याला हसत होते. शिवाय त्या पाच आठवड्यांचं "घेतलं, घेतलं" तेही निघालं असतं. गप्प बसणं सोपं होतं. वैशालीने वेळ मोबाईलमध्ये बघायची सवय लावून घेतली, स्टिरिओचा विषय संपला.

मग नवरात्र आलं. खाडीकाठच्या पुढच्या गावात देवी आहे, तिची ओटी भरायचं विहीणबाई बरेच दिवस म्हणत होत्या. आमच्याकडे वर्षभर काही करायचं नव्हतं, ओटी त्यांची. आदल्या दिवशी त्यांच्या अष्टमी गावाहून आल्या. जेवणं झाली आणि आम्ही तिघी निघालो. विहीणबाईंना पुढे बसायचं होतं, खाडी बघायला. मी म्हटलं, माझे गुडघे दुमडत नाहीत, मी पुढे. त्या मागे बसल्या.

वैशालीने चावी फिरवली. विहीणबाई मागून वाकून म्हणाल्या, "हे काय गो? इथं पावणेबारा, माझ्या मोबाईलमध्ये दोन!"

मी म्हटलं, "स्वस्तातला माल. दुसरं काय?"

"नाय नाय, गाडीलाच खोड हाय. व्याह्यांच्या वेळी पण असंच होतं." आणि हसायला लागल्या.

मीही हसले.

वैशाली वळणावर थांबली. "आई, रस्त्याने जाऊ का बांधावरून? आज उधाण असंल ना?"

फिरून रस्त्याने पाऊण तास, बांधावरून दहा मिनिटं. मी घरीच हिशेब केला होता. काल पाडवा, आज बीज, म्हणजे दीडला भरती, होऊन गेली. आता पाणी उतरायला लागलं. पण त्या पंधरवड्यात एका तिथीचा क्षय होता, पाडव्यानंतर एकदम तीज. कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी चष्मा लावला नव्हता, आदल्या दिवसात एक मिळवला आणि झालं. आमच्याकडची कुठलीही म्हातारी ही चूक करू शकते. तेवढीच चूक असती तर मी हे लिहिलं नसतं.

पण समोर पावणेबारा होते. भरतीला अजून पाव तास आहे असं ते घड्याळ मला सांगत होतं, आणि महिनाभरात ते एकदाही चुकलं नव्हतं, हे त्या गाडीत फक्त मला ठाऊक होतं. माझा हिशेब एक सांगत होता, म्हाताऱ्याचं घड्याळ दुसरं. विहीणबाई हसत होत्या. मी त्या आकड्याचं ऐकायचं तर त्यांना काय सांगायचं?

मी म्हटलं, "भरती होऊन गेली. चल बांधावरून. मी खाडीत जन्मले, मला नको शिकवू."

बांधावर मधोमध गेल्यावर मला पाणी दिसलं. काठोकाठ. फेस आणि काटक्या आत येत होत्या, बाहेर जात नव्हत्या. ओहोटीला काटक्या बाहेर जातात. मी ते बघितलं. गाडी वळवायला जागा नव्हती, पण मागे घेता आली असती, त्यासाठीच तर तो कॅमेरा बसवला होता. मी बोलले नाही. वाटलं, पाच मिनिटांत पोचू.

पुढे बांधावरून पाण्याचा पातळ पदर शेताकडे उतरत होता. वैशालीने ब्रेक मारला. तेवढ्यात मागची चाकं होती तिथली माती गेली. बांधाला अशी खांड पडली की पाणी थांबत नाही, वाट मोठी करत जातं.

काचा उघड्या होत्या. वैशाली खिडकीतून बाहेर पडली, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आली. माझं दार अर्धं उघडलं आणि चिखलात रुतलं. मागचं तर उघडेचना. पाणी विहीणबाईंच्या छातीपर्यंत आलं होतं. वैशाली मागच्या खिडकीत हात घालून ओरडली, "बाय, हात दे!" ती आपल्या आईला बाय म्हणते.

विहीणबाई म्हणाल्या, "आधी त्यांना घे गो. त्यांच्या गुडघ्यात जीव नाय. मी शेतातली बाई हाय, येते चढून."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला हवं होतं, आधी तुझी आई. मी हात पुढे केला.

मला बाहेर ओढायला तिला किती वेळ लागला ठाऊक नाही. मी जड बाई आहे. माझे पाय बांधाच्या धड मातीवर टेकले आणि ती वळली, तर गाडीचं तोंड वर उठलं होतं. मग गाडी उलटी सरकत खांडीत गेली. वैशालीने तिच्यामागे पाण्यात उडी घेतली. कोळंबीच्या तलावावरची दोन माणसं धावत आली, त्यांनी तिला धरून वर काढलं. गाडी पाणी उतरल्यावर निघाली.

लोक भेटायला आले. सगळे एकच बोलले, उधाण काय कुणाला सांगून येतं? मी मान हलवली. मला सांगून आलं होतं.

दिनेशने तो स्टिरिओ फिटरकडे नेला. उघडला तर आत गाळ. फिटरने सांगितलं, यात बघण्यासारखं काही नाही, जसा सगळ्यांत असतो तसाच आहे. पहिला नवा पीस, जो त्याने बदलताना परत घेतला होता, तो त्याने गडब गावच्या एका दुकानदाराच्या गाडीत बसवलाय. तिथे तो वेळ बरोबर दाखवतो. मी स्वतः जाऊन बघून आले. माझ्या मोबाईलमध्ये चार वीस, त्याच्यावर चार वीस. त्या गाडीत मी पाच मिनिटं बसून राहिले. दुकानदार म्हणाला, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

कसं झालं ते मला माहीत नाही. वायर, सॅटेलाइट, म्हातारा… मी कशावरच बोट ठेवू शकत नाही. विज्ञान शिकलेल्या कुणाला सांगता आलं तर सांगावं. पण मला तेवढंच विचारायचं असतं तर मी कागद भरले नसते.

वैशाली रोज म्हणते, चूक माझी. मी आधी बायला का नाही ओढलं, मी बांधावरून गाडी का घातली. भांडी घासताना म्हणते, पोळ्या लाटताना म्हणते. दिनेश तिला समजावतो. मी ऐकते आणि पुढचं ताट तिच्या हातात देते. चार महिने झाले. तोंडाने सांगायला तीनदा बसले, तिन्ही वेळा दुसरंच बोलले.

हा अंक घरी आला की वैशालीच मला वाचून दाखवते, बारीक अक्षर मला दिसत नाही. हे पानही तीच वाचेल. वैशाली, तुझी चूक नव्हती. घड्याळ बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं. तुझ्या आईने तुला मला काढायला सांगितलं, आणि मी नको म्हटलं नाही.

गाडीत आम्ही तिघी होतो. वैशाली वाचली आणि मी वाचले.